उजव्या कोपऱ्यातला मळ

३ फेब्रुवारी

कामाची वही वेगळी आणि ही वही वेगळी. कामाच्या वहीत चित्राचं माप, काय लावलं, काय काढलं, एवढंच. ती उद्या कुणीही मागून वाचू शकतं. ही फक्त माझी. बायकोला ही कुठल्या खणात असते ते ठाऊक आहे, पण ती उघडत नाही. म्हणते, "दिवसभर ऐकते तेवढं पुरे नाही का?" लोक मला चित्रांचा डॉक्टर म्हणतात. बायको म्हणते, चित्रांची धुणी धुणारा.

आज मोठं काम आलं. चार फूट उंच, सहा फूट लांब, आणि वजन असं की चौघा हमालांनी दारातच दोनदा टेकवलं. चित्र ज्यांचं, त्या बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. आयुष्यभराच्या कामाचं त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन एप्रिलमध्ये आहे आणि मधल्या भिंतीवर हे लागणार. आठ महिन्यांपूर्वी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. "आता तिला 'हो' एवढा एकच शब्द येतो," त्यांची धाकटी बहीण म्हणाली. "भूक लागली तरी हो, दुखलं तरी हो, नको असलं तरी हो." ही बहीण आता बाईंकडेच राहते आणि त्यांचं सगळं करते.

बरोबर प्रदर्शन मांडणारी होती. तिचा एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर असतो, आणि ती तिसरा शोधत असते. मी मनातल्या मनात तिचं नाव चष्मेवाली ठेवलंय. तिनं या चित्रावर तीस पानी लेख लिहिलाय, 'शून्याची त्वचा' नावाचा. तिचं म्हणणं, बाई आधी सपाट रंगवायच्या आणि इथून एकाएकी खडबडीत रंगवू लागल्या. दोन-तीन वर्षांत पुन्हा सपाट. का, ते कुणालाच कळलेलं नाही.

मला विचाराल तर चित्र म्हणजे गवंड्यानं सुट्टीच्या दिवशी हात मोकळा करायला केलेला गिलावा. पांढरं, राखाडी, मळकट पिवळं. रंगात वाळू, दोरा, कापडाच्या पट्ट्या घालून उंचवटे केलेत. आकार म्हणावा असा एक नाही. हे मी चष्मेवालीपुढे बोललो नाही. मलाही पोट आहे.

धाकटी बहीण म्हणाली, "हे आमच्याकडे बोळातच असायचं, जमिनीवर टेकवलेलं. ताई टांगूच द्यायची नाही. कारण तेव्हा..."

मी तिथेच अडवलं. "जमिनीवर? अहो, ओल चढते खालून! कापड कुजतं!" आणि मग ओल, वाळवी, भिंतीपासून किती अंतर ठेवावं, सगळं सांगितलं. चांगली पंधरा मिनिटं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. काय सांगत होत्या ते राहिलंच. असू दे, पुन्हा येतीलच.

६ फेब्रुवारी

दिवा एका बाजूला ठेवून तिरक्या उजेडात पाहिलं. उंचवट्यांच्या सावल्या पडल्या की चित्राची तब्येत कळते. तब्येत ठणठणीत आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी उंचवटा, तिथून दोन समांतर कडा निघतात, पुढे तीन आडव्या पट्ट्या, मग कडेला एक खाच, आणि चित्राच्या साधारण मध्यावर एक गोलसर ढेकूळ. बाकी सगळीकडे नुसतीच वाळू.

दुखणं एकच: मळ. आणि तोही सगळीकडे नाही. उजव्या कोपऱ्यातून निघून त्या दोन कडांच्या मधोमध, पट्ट्यांवरून, खाचेपाशी जरा जास्त, असा काळपट ओघळ जातो. ढेकळावर तर रुपयाएवढा काळा डाग, चकचकीत. हा तेलकट मळ हातांचा असतो. नेताना-आणताना हमालांनी नेमकं तिथेच धरलं असणार. चित्राला मागून धरायचं असतं हे कुणी यांना शिकवतच नाही.

मळ एखाद्या वाटेसारखा का गेलाय हे मात्र कळत नाही. हमाल सरळ रेषेत थोडेच धरतात?

९ फेब्रुवारी

साधं पाणी लावून पाहिलं, वाळू सुटते. औषधं लावावीत तर रंगच विरघळतो. शेवटी आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय: थुंकी. लोकांना सांगितलं की तोंड वाकडं करतात, पण तेलकट मळ अलगद उचलावा तो थुंकीनंच. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर भिजवायचा, घासायचा नाही, नुसता फिरवायचा. काळा झाला की दुसरा. गुरुजी म्हणायचे, चांगल्या कारागिराचं तोंड स्वच्छ हवं, दोन्ही अर्थांनी.

वापरलेले बोळे मी टाकत नाही. बरणीत ठेवतो, वर तारीख. हीसुद्धा गुरुजींचीच शिकवण: काढलेलं परत लावता येत नाही, निदान काय काढलं ते दाखवता आलं पाहिजे.

मालकाच्या परवानगीशिवाय मी चित्राला जीभ लावत नाही. बाईंना आणा म्हणून निरोप दिलाय.

१२ फेब्रुवारी

बाई येऊन गेल्या. चाकाच्या खुर्चीत एवढ्याशा दिसतात, पण डोळे असे की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. धाकटी बहीण गाडीवाल्याशी हुज्जत घालत बाहेरच राहिली, म्हणून आत आम्ही दोघंच.

चित्र दिसल्याबरोबर त्यांनी डावा हात उचलला आणि त्या मळाकडेच बोट केलं. "हो. हो. हो." आवाज चढत गेला. बिचाऱ्यांना किती लाज वाटली असेल, स्वतःचं चित्र असं घाण झालेलं पाहून. मी म्हटलं, "हे डाग ना? काळजी करू नका. एक कण ठेवणार नाही. काढू ना?"

"हो," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत बघून, मान हलवून. आणि रडायला लागल्या. कलावंत माणूस, हळवं असायचंच. मी पाणी दिलं, पण त्यांनी घेतलं नाही. बहीण आत आली आणि म्हणाली, "दमली असेल," आणि घेऊन गेली.

कामाच्या वहीत लिहिलं: मालकांची तोंडी संमती.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं, तर तिनं घास तसाच हातात धरला. "जी बाई सगळ्यालाच हो म्हणते, तिला विचारून काय कळणार हो तुम्हाला? बहिणीला का नाही विचारलं?"

मी म्हटलं, तिनं बोट दाखवलं, मान हलवली, आणखी काय लेखी घ्यायचं? बायको म्हणाली, "बरं." ती जेव्हा एवढंच म्हणते तेव्हा तिचं पटलेलं नसतं. पण धंदा माझा आहे, मी का ऐकू?

१५ फेब्रुवारी

कोपरा झाला. खालून असा सुरेख दुधी रंग निघाला! छत्तीस बोळे.

१९ फेब्रुवारी

दोन कडांमधली वाट झाली. तिन्ही पट्ट्या झाल्या. जीभ कोरडी पडलीय, घरी नुसतं हूं-हूं करतो. बायको म्हणते, हे काम बारा महिने चालू दे.

एक गंमत. मळ काढला तरी तिथला रंग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे. वाळूचे कण झिजलेत. कुणीतरी नुसतं धरलेलं नाही, पुन्हा पुन्हा हात फिरवलाय, वर्षानुवर्षं. पायऱ्यांच्या दगडाला मधोमध खळगा पडतो तसं. कामाच्या वहीत नोंद केली: झीज, कारण अज्ञात.

२३ फेब्रुवारी

ढेकळावरचा काळा डाग शेवटी काढला. दोन दिवस लागले. इतका मुरलेला मळ तीस वर्षांच्या धंद्यात पाहिला नव्हता. शेवटचा बोळा पांढरा निघाला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं "वा!" म्हणालो. फुशारकी वाटली तर वाटो, हे काम माझ्या हयातीतलं सगळ्यात स्वच्छ काम आहे.

चष्मेवाली पाहायला आली. दोन्ही चष्मे एकावर एक लावून पाहिलं. म्हणाली, "आता कळतंय ते शून्य!" मी मान डोलावली. स्तुती केली की कुठलाही लेख पटतो.

२ मार्च

काय लिहू.

आज धाकटी बहीण प्रदर्शनाच्या पुस्तकासाठी जुने फोटो घेऊन आली. चहा ठेवला. एकेक फोटो बघत होतो. एका फोटोत अरुंद बोळ, भिंतीला टेकवलेलं हे चित्र, आणि त्याच्यापुढे पाठमोरी एक सहा-सात वर्षांची मुलगी. दोन वेण्या, एक सुटलेली. तिचा उजवा हात चित्रावर. नेमका त्या वाटेवर.

मी विचारलं, ही कोण?

"ताईची लेक. टिल्ली म्हणायचो आम्ही, अंगानं एवढीशी होती म्हणून. जन्मापासून दिसायचं नाही तिला."

मग त्या दिवशी मी अडवलेलं सगळं त्यांनी सांगितलं. जुन्या घरात पोर भिंती धरून भराभरा फिरायची. घर बदललं आणि ती एका जागेवरून हलेना. कोपऱ्यात बसून रडायची. ताईनं महिनाभर खपून हे केलं. चित्र म्हणजे ते नवं घर. बहीण उठून चित्रापाशी गेली आणि बोटानं दाखवू लागली. "हा कोपऱ्यात तिचा पलंग. हा बोळ. ह्या तीन पायऱ्या, इथे ती मोजायची, एक, दोन, तीन. हे स्वयंपाकघराचं दार. आणि ही ताईची खुर्ची, काम करायची ती."

ढेकूळ. खुर्ची आहे ती.

"सकाळी उठली की आधी इथे यायची. पलंगावर बोट ठेवायची आणि बोटानं चालत चालत खुर्चीपर्यंत. तिथे टिचकी मारायची आणि ओरडायची, 'आई सापडली!' मग खरी चालत जायची. वर्षभरात घर पाठ झालं होतं हो, तरी रोज आधी चित्रावरून. हात कधी धुतलेले नसायचे. आम्ही कुणी फडका घेऊन गेलो तर ताई अंगावर धावून यायची. नऊ वर्षांची होऊन गेली. ताप आला, चौथ्या दिवशी संपलं. त्यानंतर ताईनं परत असं खडबडीत काही केलं नाही. कुणासाठी करणार?"

मग त्या चित्राच्या आणखी जवळ गेल्या, चष्मा पुसला, परत पाहिलं. "इथे खुर्चीवर काळं होतं ना, तिच्या बोटांचं? ताई रोज बसायची त्याच्यासमोर. गेलं का ते?"

मी म्हणालो, "जातं कधीकधी. काळानं."

हे मी म्हणालो. मी. मळ काळानं जात नाही, काळानं मळ चढतो, ही गोष्ट मला जेवढी माहीत आहे तेवढी आसपास कुणाला माहीत नसेल. त्यांनी "असेल" म्हणून चहाचा कप उचलला.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं. त्या पोरीचं या जगात जे काही उरलं होतं ते मी थुंकून पुसून टाकलं. आणि "वा!" म्हणालो.

४ मार्च

जेवण जात नाही. बायको ताट तसंच उचलून नेते. त्या दिवशी बाई बोट दाखवून "हो, हो" करत होत्या ते आठवतं. त्या सांगत होत्या, हात लावू नकोस. जेवढा शब्द होता तेवढ्यानं सांगत होत्या. मी आपलंच घोडं पुढे दामटलं. बहिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नको असलं तरी हो. मी ते याच वहीत माझ्याच हातानं लिहिलंय. आज मागे जाऊन वाचलं.

६ मार्च

एक सुचलंय. मळ तयार करता येतो. काजळी, मेण, थोडं तेल, चिमूटभर धूळ. जुनी चित्रं जोडताना नवा तुकडा जुना दिसावा म्हणून मी हजारदा केलंय. फोटो आहेतच, डाग कुठे किती ते कळतं. बाईंची नजर आता तेवढी थोडीच राहिलीय. चष्मेवाली तर दोन चष्मे लावून फसेल. बाई समोर बसतील, डाग पाहतील, बस. सगळ्यांचंच भलं. माझंही.

८ मार्च

फळीवर करून पाहिलं. हुबेहूब. फोटो शेजारी धरला तर माझं मलाच सांगता येईना. संध्याकाळी बायकोला हाक मारली आणि सगळं सांगितलं, २ तारखेपासूनचं. मग फळी दाखवली.

तिनं बोट पुढे केलं, पण डागाला लावलं नाही. "छान जमलंय," ती म्हणाली. "पण हा हात कुणाचा?"

मी म्हटलं, माझा.

"मग त्या माउलीनं रोज सकाळी तुमच्या हातासमोर बसायचं?"

मला राग आला. म्हटलं, तू सोपं बोलतेस, जाऊन सांगायचं मला आहे. ती म्हणाली, "हो, तुम्हालाच आहे." आणि माझ्या शेजारी बसून राहिली. किती वर्षांनी मी तिच्यासमोर रडलो. फळी खरवडून टाकली.

११ मार्च

धाकट्या बहिणीला फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते तुम्हाला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या बाईंना घेऊन येते म्हणाल्या.

आज चित्राचा अहवाल लिहिला, जो चित्राबरोबर कायम राहतो. चष्मेवालीनं वाचून विचारलं, "हे लिहायलाच हवं का? तुमच्याच नावाला बट्टा." मी म्हटलं, हवं. त्यात लिहिलंय: उजव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचा मळ हा चित्राचा भाग होता. चित्रकर्तीच्या मुलीच्या हातांचा. तो मी काढला. चष्मेवालीनं डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला आणि पुष्कळ वेळ नुसती घडी घालत, उघडत बसली. म्हणाली, तीस पानं परत लिहावी लागतील.

१२ मार्च

बाई यायच्या आधी मी हमाल बोलावून चित्र स्टँडवरून उतरवलं आणि जमिनीवर ठेवलं, भिंतीला टेकवून. ओल चढते ती चढू दे.

बहिणीनं खुर्ची जवळ आणली. बाईंनी पाहिलं. नजर कमी झालीय म्हणे! आत आल्याबरोबर त्यांचे डोळे ढेकळावर गेले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी तरी सगळं सांगितलं, उभ्यानंच, शाळेत उभं केल्यासारखं. डाग मी काढला. तुम्हाला विचारल्यासारखं केलं आणि मला हवं ते ऐकलं. नंतर बहिणीशी खोटं बोललो. खोटा डागही करून पाहिला. एकही गोष्ट गाळली नाही.

मग बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. दोनशे अकरा बोळे, काळे-करडे. म्हटलं, "तिचा हात यात आहे. परत लावता येत नाही. पण टाकलेला नाही."

बाईंनी डाव्या हातानं बरणी पोटाशी धरली. थोड्या वेळानं ती बहिणीकडे दिली आणि पुढे वाकून हात चित्रावर ठेवला, खाली कोपऱ्यात, पलंगावर. तिथून बोळ. बोट सावकाश चाललं होतं. पायऱ्यांवर बोटानंच एक, दोन, तीन. स्वयंपाकघराचं दार. मळ गेला तरी झीज होती तशीच होती, बोटाला वाट सापडत होती. ढेकळावर पोचल्यावर त्यांनी टिचकी मारली. अगदी हलकी. आणि हात तिथेच राहू दिला. बहिणीनं तोंडाला पदर लावला.

मला तिथून निघून जाता आलं असतं. पण मी खाली बसलो, त्यांच्या खुर्चीच्या उंचीला आलो आणि विचारलं, "बाई, मला माफ कराल का?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मान हलवली. म्हणाल्या, "हो."

घरी आल्यावर बायकोनं दारातच विचारलं, काय म्हणाल्या? मी तिला सांगितलं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली.

त्या दिवशीचा 'हो' असाच होता. हाच आवाज, हीच नजर, एवढीच मान. त्या एका शब्दावर मी दोनशे अकरा बोळे फिरवले. आजचा 'हो' माफीचा होता की नाही, मला सांगता येत नाही, आणि तो मला कामाच्या वहीत लिहिता येत नाही.